नऊ गुण, मग दहा गुण: एका नवख्या मॅनेजरचा पहिला हंगाम

2025 च्या पावसाळ्यात माझ्या भाच्याने हॅटट्रिक या ऑनलाइन फुटबॉल-मॅनेजर खेळात संघ घेतला आणि 14 सामन्यांचा आपला पहिला हंगाम खेळला. पहिल्या 7 सामन्यांत त्याला 9 गुण मिळाले, पुढच्या 7 सामन्यांत 10. नुसता गुणतक्ता पाहिला तर या दोन भागांत सांगण्यासारखं काही नाही. पण पहिला भाग संपला तेव्हा तो खेळ सोडायला निघाला होता, आणि दुसरा संपला तेव्हा त्याच्याकडे खरोखर एक संघ होता. मी स्वतः 2006 पासून हा खेळ खेळतो. नवे लोक येतात, सात-आठ आठवडे तळमळीने खेळतात आणि निघून जातात. त्यांच्यातले कित्येक जण माझ्यापेक्षा फुटबॉल चांगला जाणतात. मग अडतं कुठे? हे एक प्रकरण मला अगदी जवळून पाहायला मिळालं, म्हणून ते नीट मांडून ठेवतो आहे.

मुलगा आणि खेळ

भाचा 19 वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. शनिवारी रात्री मित्रांबरोबर बाणेरच्या टर्फवर खेळतो, युरोपातले सामने जागून बघतो. फुटबॉलचं वेड त्याला बालेवाडीत लागलं. 2018 च्या मार्चमध्ये एफसी पुणे सिटी पहिल्यांदाच आयएसएलच्या (इंडियन सुपर लीगच्या) उपांत्य फेरीत पोचली होती आणि बंगळुरूविरुद्धचा घरचा सामना 0-0 सुटला. तो तेव्हा बारा वर्षांचा होता. मी त्याला घेऊन गेलो होतो. परतीच्या सामन्यात आपण 1-3 ने हरलो आणि पुढच्याच वर्षी तो क्लबही राहिला नाही. त्याआधी पुणे एफसी होती. 2012-13 च्या आय-लीगमध्ये, म्हणजे देशाच्या तेव्हाच्या मुख्य लीगमध्ये, ती दुसरी आली होती, तिची स्वतःची अकादमी होती, आणि 2015 मध्ये तीही बंद झाली. आपल्या गावाचा क्लब असावा, त्याने हरावं-जिंकावं आणि पुढच्या वर्षीही असावं, एवढी साधी इच्छा पुण्यातल्या फुटबॉलवेड्यांची पुरी होत नाही. भाच्याने हॅटट्रिकवरच्या संघाला आपल्या पेठेचं नाव दिलं, त्याचं कारण मला विचारावं लागलं नाही.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. हॅटट्रिक 1997 मध्ये स्वीडनमध्ये सुरू झाला आणि अजूनही ब्राउझरमध्ये खेळता येतो. प्रत्येक मॅनेजरकडे एक काल्पनिक क्लब. एका गटात 8 संघ, प्रत्येकाशी दोनदा सामना, म्हणजे 14 फेऱ्या. आठवड्याला लीगचा एकच सामना. हंगाम 16 आठवड्यांचा आणि खेळाडूचं एक वर्ष 112 दिवसांचं. सामना चालू असताना बटणं दाबायची नसतात. लाइनअप आणि सूचना आधी देऊन ठेवायच्या, मग गणित आपलं काम करतं आणि आपण बघत बसायचं. ट्रेनिंग आठवड्यातून एकदा, एकाच कौशल्याचं, आणि त्या आठवड्यात योग्य जागेवर जे खेळले त्यांनाच त्याचा पूर्ण लाभ.

भाच्याची सवय वेगळी होती. ज्याला 2023 पर्यंत सगळे फिफा म्हणत आणि आता ईए स्पोर्ट्स एफसी म्हणतात, तो खेळ तो रोज खेळायचा. फुटबॉल मॅनेजरमध्येही त्याचा हात चांगला आहे, पण तिथे एखादा शनिवार-रविवार बसलं की अख्खा हंगाम उरकतो. हॅटट्रिकमध्ये पुढच्या रविवारपर्यंत थांबण्याशिवाय इलाज नसतो. वरवर हा छोटा फरक वाटतो. माझ्या मते नवख्याची सगळी अडचण इथूनच सुरू होते, कारण थांबायच्या त्या सहा दिवसांत माणसाचे हात स्वस्थ बसत नाहीत.

पहिले सात सामने

त्याच्या गटात त्याच्याशिवाय 4 संघ माणसांचे होते आणि 3 बॉट, म्हणजे मालक सोडून गेलेले आणि कॉम्प्युटर चालवत असलेले. भारतातल्या खालच्या गटांत हे नेहमीचंच आहे.

पहिला सामना बॉटशी. 4-4-2 (4 बचावपटू, 4 मिडफिल्डर, 2 स्ट्रायकर) लावून 3-0 जिंकला. मला फोन आला, "मामा, सोपं आहे रे हे." दुसऱ्या सामन्यात समोर माणूस होता, 1-2 हार. दोन गोल खाल्ले म्हणून त्याने तिसऱ्या सामन्याला 5-3-2 लावलं. त्याच्या खेळाडूंना त्या रचनेचा अनुभव नव्हता. हॅटट्रिकमध्ये रचनेचाही अनुभव मोजला जातो, आणि तो कमी असला की खेळाडू मैदानावर गोंधळतात. तसे ते गोंधळले, आणि तो चक्क दुसऱ्या बॉटशी 0-1 हरला. आता गोल झाला नाही, म्हणून चौथ्या सामन्याला 3-4-3.

आणि एक स्ट्रायकर.

त्या रात्रीबद्दल सविस्तर सांगायला हवं. हॅटट्रिकचा बाजार लिलावावर चालतो. खेळाडू विक्रीला काढला की बरोबर तीन दिवसांनी त्याची डेडलाइन येते. शेवटच्या तीन मिनिटांत कोणी बोली लावली तर डेडलाइन आणखी तीन मिनिटं पुढे जाते, आणि असं कितीही वेळा होऊ शकतं. भाच्याने 33 वर्षांचा एक स्ट्रायकर हेरला होता. डेडलाइन रात्री बाराच्या जरा आधीची. समोर युरोपातला कोणीतरी. बोलीवर बोली चढत गेली आणि पाऊण तास तीन-तीन मिनिटांनी पुढे सरकला. ताईला स्वयंपाकघरात पाणी प्यायला जाताना त्याच्या खोलीत दिवा दिसला. साडेबाराच्या सुमाराला स्ट्रायकर त्याचा झाला, आणि तिजोरीतला बहुतेक सगळा पैसा गेला. त्या खेळाडूचा आठवड्याचा पगार बाकीच्या पाच जणांच्या पगाराएवढा होता. हे त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं.

चौथा सामना तो 2-1 जिंकला. समोर माणसाचा संघ, स्ट्रायकरचा एक गोल, आणि सूचना होती ‘मॅच ऑफ द सीझन’. ही सूचना दिली की खेळाडू त्या दिवशी जीव तोडून खेळतात, पण नंतर टीम स्पिरिट घसरतं. टीम स्पिरिट घसरलं की मिडफिल्ड घसरतं. त्याला एवढंच दिसलं की सूचना दिली आणि जिंकलो. म्हणून पाचव्या सामन्यालाही तीच दिली. 1-3 हार. सहाव्या सामन्यात कोलकात्याच्या एका मॅनेजरच्या संघाशी गाठ पडली. त्याने 4-5-1 लावलं आणि 0-4 हरला. सातव्यात तिसऱ्या बॉटला 2-0 ने हरवलं.

ट्रेनिंगचंही असंच चाललं होतं. आधी डिफेंडिंग. स्ट्रायकर आल्यावर स्कोअरिंग. चार गोल खाल्ल्यावर गोलकीपिंग. एक आठवडा विंगर, एक आठवडा सेट पीसेस. सात आठवड्यांत पाच प्रकार. खेळाडूचं कौशल्य एक पायरी चढतं त्याला आम्ही पॉप म्हणतो. त्याच्या संघात एकही पॉप झाला नव्हता. स्कोअरिंगचे दोन आठवडे तर एका 33 वर्षांच्या माणसावर खर्च झाले, आणि वय वाढतं तसं शिकणं मंदावतं हा खेळाचा पायाच आहे. गोलकीपिंगच्या आठवड्यात एकटा गोलकीपर शिकला, बाकीचे सगळे कोरडे.

यातला कुठलाही निर्णय मूर्खपणाचा नव्हता, हे मला ठासून सांगायचं आहे. गोल खाल्ले तर बचाव वाढव, गोल होत नाहीत तर आक्रमण वाढव, जे केल्याने जिंकलो ते पुन्हा कर. टर्फवर हा हिशोब बरोबर ठरतो, कारण तिथे चूक दिसते आणि दहा मिनिटांत सुधारता येते. हॅटट्रिकमध्ये निकालात नशिबाचा वाटा मोठा असतो, आणि सुधारणेला आठवडे लागतात. दर रविवारी निकाल त्याला काहीतरी सांगत होता, तो दर सोमवारी ऐकत होता, आणि म्हणून आठवडाभराच्या वर काहीच टिकत नव्हतं. रचनेचा अनुभव साचत नव्हता, ट्रेनिंग साचत नव्हतं, स्पिरिट साचत नव्हतं. तिन्ही गोष्टी केवळ साचूनच वाढतात.

माझी चूक

सातव्या सामन्याच्या आदल्या दिवशी त्याने मला लिहिलं, "मामा, सगळं रँडम आहे. सोडतोय मी." मी त्याला उत्तर म्हणून भली मोठी यादी पाठवली. मॅन्युअल वाच, प्रशिक्षक कोणता घ्यावा, सहायक किती ठेवावेत, स्टेडियममध्ये कोणत्या खुर्च्या वाढवाव्यात, फॉर्म आणि स्टॅमिना कसा बघावा. एकोणीस वर्षांत शिकलेलं सगळं एका संध्याकाळी त्याच्यावर ओतलं. त्याने उत्तर दिलं नाही. ताईकडून कळलं की त्याने माझा मेसेज अर्धाच वाचला होता.

आणखी एक गोष्ट घडली होती. त्याने मला सुचवलं होतं की माझ्याकडचा एखादा चांगला मिडफिल्डर त्याला नाममात्र किमतीत द्यावा. ओळखीच्यांनी आपापसांत असे व्यवहार करणं हॅटट्रिकच्या नियमांत बसत नाही, आणि बसत असतं तरी मी दिला नसता. पण मी नुसतं "नियम आहे" एवढंच म्हणालो, का ते सांगितलं नाही. त्याला ते लागलं असावं.

त्याला थांबवलं ते माझ्या यादीने नव्हे. 0-4 च्या सामन्यानंतर कोलकात्याच्या त्या मॅनेजरने त्याला खेळाच्या आतूनच एक निरोप पाठवला होता. चार-पाच ओळींचा, साध्या इंग्रजीत. भाच्याने तो मला नंतर दाखवला. आशय असा होता: तुझा बचाव वाईट नाही, पण मिडफिल्ड पूर्ण आमच्याकडे होतं, त्यामुळे सगळ्या संधी आम्हाला मिळाल्या. माझा पहिला हंगाम तुझ्याहून वाईट होता, हवं तर माझे जुने सामने बघ. स्ट्रायकरवर पैसे घालवलेस का? मीही घातले होते.

भाच्याने खरंच त्याचे जुने सामने उघडून पाहिले. त्यातला सगळ्यात जुना हंगाम 2 विजयांचा होता. आता तोच माणूस गटात पहिला होता. माझ्या दोन पानी सल्ल्यापेक्षा दुसऱ्या एखाद्याचा अपयशाचा हंगाम त्याला जास्त उपयोगी पडला. हे मला त्या वेळी बोचलं, आज मात्र त्या अनोळखी माणसाबद्दल मनात फक्त कृतज्ञता आहे. जिंकल्यावर हरलेल्या नवख्याला चार ओळी लिहिणं एवढंच त्याने केलं. मी इतक्या वर्षांत किती जणांना लिहिल्या होत्या? मोजक्याच.

वही

पुढच्या रविवारी मी सहकारनगरला ताईकडे गेलो. या खेपेला सांगायचं काही नाही असं ठरवून गेलो होतो. हिशोबाची एक कोरी वही नेली. त्याला म्हटलं, सातही सामने एकेक उघड आणि तीन गोष्टी लिही: निकाल, आपलं मिडफिल्ड, समोरच्याचं मिडफिल्ड. बाकी काही नको.

हॅटट्रिक प्रत्येक सामन्यानंतर संघाला सात रेटिंग देतो. मिडफिल्डचं एक, बचावाची तीन आणि आक्रमणाची तीन: उजवीकडचं, मधलं आणि डावीकडचं. रेटिंग शब्दांत असतात: डिझास्ट्रस, रेचेड, पुअर, वीक, इनॅडिक्वेट, पासेबल, सॉलिड अशा चढत्या पायऱ्या. आक्रमणाच्या संधी कोणाच्या वाट्याला किती येणार हे मुख्यतः मिडफिल्डवर ठरतं. संधी मिळाल्यावर ती गोलात जाते की नाही हे मग आक्रमण विरुद्ध बचाव असं ठरतं. म्हणजे मिडफिल्ड गमावलं की उत्तम स्ट्रायकर बाकड्यावर बसल्यासारखाच.

वही भरायला अर्धा तास लागला. माणसांशी झालेल्या चारही सामन्यांत त्याचं मिडफिल्ड समोरच्यापेक्षा कमी होतं. पाचव्या आणि सहाव्या सामन्यात ते आणखी खाली गेलं होतं, स्पिरिट ढासळल्यामुळे. आणि चौथ्या, जिंकलेल्या सामन्यातही त्याचं पुअर आणि समोरच्याचं इनॅडिक्वेट होतं. त्या ओळीवर तो थांबला.

"म्हणजे हा आपण हरायला हवा होता?"

"दहा वेळा खेळलात तर सात-आठ वेळा हरला असतात."

"आणि मी यातूनच शिकलो."

हे वाक्य त्याचं आहे, आणि माझ्या मते या प्रकरणाचा गाभा तेच आहे. त्याला सगळ्यात जास्त नुकसान हारींनी केलं नव्हतं. नशिबाने मिळालेल्या एका विजयाने केलं होतं. स्ट्रायकर बरोबर होता, 3-4-3 बरोबर होतं, ‘मॅच ऑफ द सीझन’ बरोबर होतं, असे तीन चुकीचे धडे त्या एका 2-1 ने दिले.

मग त्याने विचारलं की मिडफिल्ड वाढवायचं कसं. मी त्यालाच उलट विचारलं की पथकात नवीन ढोल वाजवणाऱ्याला तुम्ही काय करता. तो दोन वर्षं एका ढोल-ताशा पथकात आहे. जून-जुलैपासून नदीपात्रात सराव सुरू होतो. नवीन मुलाला आधी पहिला हातच वाजवायला लावतात, दिवसेंदिवस तोच. पहिल्या आठवड्यात खांदे भरून येतात, टिपरू धरून बोटांना फोड येतात, कानाला काही नवीन ऐकू येत नाही. मिरवणुकीत पुढच्या रांगेत उभं राहायला मिळणं ही पुढची गोष्ट. तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानेच वहीत लिहिलं: ट्रेनिंग प्लेमेकिंग (मिडफिल्ड ज्याच्यावर चालतं ते कौशल्य), हंगाम संपेपर्यंत बदलायचं नाही. रचना 3-5-2, बदलायची नाही.

इतकंच लिहून झाल्यावर मी चहा घेऊन निघालो. खुर्च्या, सहायक, स्टॅमिना यांबद्दल अवाक्षर काढलं नाही. जड गेलं, पण काढलं नाही.

ताईची काळजी

ताईला दोन गोष्टी सतावत होत्या, झोप आणि पैसा. ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आली, आणि त्या बातम्या घरोघरी चर्चेत होत्या. तिने मला सरळ विचारलं की हा त्यातलाच प्रकार का. तिला समजावून सांगितलं: इथे पैसे लावायचे नसतात आणि मिळायचेही नसतात. खेळ फुकट आहे. सपोर्टर नावाची वर्गणी आहे, तिच्यात आकडेवारी आणि सोयी मिळतात, पण मैदानावर तिचा काडीचा फायदा होत नाही. आणि फॅन्टसी लीगसारखे खऱ्या खेळाडूंच्या कामगिरीवर गुणही इथे मिळत नाहीत.

पैशाचं तिला पटलं. झोपेबाबत तिने नियम केला: रात्री अकरानंतर बोली नाही. भाचा आधी कुरकुरला, मग त्याच्या लक्षात आलं की डेडलाइन तीन दिवस आधीपासून दिसते. मग संध्याकाळी सात-आठला संपणारे लिलावच बघायचे. युरोपात तेव्हा दुपार असते, लोक कामात असतात आणि बोली कमी चढते. ताईच्या नियमाने त्याला स्वस्त खेळाडू मिळायला लागले.

दुसरे सात सामने

स्ट्रायकर विकायला काढला. तोवर तो 34 चा झाला होता, आणि घेतला त्याच्या एक चतुर्थांश किमतीलाही गेला नाही. भाच्याने ते वहीत लिहून ठेवलं, खाडाखोड न करता. पण पगार वाचला. आलेल्या पैशात आणि साठलेल्या थोड्या रकमेत त्याने 17 वर्षांची तीन मुलं घेतली, तिघंही प्लेमेकिंगमध्ये इनॅडिक्वेट. पुढच्या काही आठवड्यांत आणखी तीन.

सहा का, हे समजून घेण्यासारखं आहे. प्लेमेकिंगचं पूर्ण ट्रेनिंग इनर मिडफिल्डरला, म्हणजे मधल्या फळीत मध्यभागी खेळणाऱ्याला मिळतं, आणि एका संघात ते जास्तीत जास्त तीन असतात. पण आठवड्यात लीगच्या सामन्याशिवाय मधल्या वारी एक मैत्रीपूर्ण सामनाही घेता येतो. रविवारी तिघे, मधल्या वारी दुसरे तिघे, असे एका आठवड्यात सहा जण शिकतात. विंगरना निम्मा लाभ मिळतो तो वेगळा. म्हणजे मैत्रीपूर्ण सामना हा नवख्याला फालतू वाटणारा सामना अर्ध्या वर्गाची शाळा असतो. हे त्याने स्वतः शोधून काढलं, मी सांगितलेलं नाही.

ही पोरं लगेच जिंकून देत नाहीत. यानंतरही दोन सामन्यांत तो माणसांशी हरला. पूर्वीच्या सवयीने त्याचा हात मॅच ऑफ द सीझनकडे गेला होता, हे त्याने कबूल केलं. पण वही उघडली. मिडफिल्ड अजून पुअरच होतं, पण पुअरच्या वरच्या टोकाला. त्याने ‘प्ले इट कूल’ची, म्हणजे जोर राखून खेळायची, सूचना देऊन एक बॉटचा सामना काढला, स्पिरिट हळूहळू वर आलं. बॉटशी तिन्ही सामने जिंकला.

गणपतीत एक आठवडा चुकला. पथकाच्या वादनात तो इतका गुंतला की मैत्रीपूर्ण सामना ठरवायचाच राहिला. रविवारची तीन मुलं शिकली, मधल्या वारची तीन तशीच राहिली. त्याला त्याचं फार वाईट वाटलं. मला मात्र बरं वाटलं, कारण पूर्वी तो हरल्याचं दुःख करायचा आणि आता एका हुकलेल्या सरावाचं.

अनंत चतुर्दशीनंतरच्या आठवड्यात पहिला पॉप झाला. त्याने स्क्रीनशॉट पाठवला, खाली एकच शब्द: "पासेबल." पुढच्या आठवड्यात आणखी एकाचा. ज्या संघाशी तो पहिल्या भागात नशिबाने 2-1 जिंकला होता, त्याच्याशी या वेळी 1-1 बरोबरी झाली. वहीत लिहिलं: आपलं मिडफिल्ड वीक, त्यांचं वीक. गुणतक्त्यात विजयाचे 3 आणि बरोबरीचा 1. पण हा एक गुण त्याचा स्वतःचा होता.

कोलकात्याच्या संघाशी शेवटची गाठ पडली तेव्हा 1-2 हरला. सामना संपल्यावर या वेळी निरोप भाच्याने आधी पाठवला.

हिशोब असा. पहिल्या 7 सामन्यांत 3 विजय, 4 पराभव. दुसऱ्या 7 मध्ये 3 विजय, 1 बरोबरी, 3 पराभव. गटात पाचवा. माणसांच्या संघांत शेवटचा. कोणी त्याला प्रगती म्हणणार नाही. पण पगाराचा बोजा बराच उतरला होता, मिडफिल्ड एक पायरी वर होतं, 3-5-2 चा अनुभव साचला होता, आणि 17 वर्षांची सहा मुलं होती, ज्यांची किंमत त्याने मोजली होती त्याहून आता कितीतरी जास्त होती. 

नवख्यांना मॅन्युअल वाचा म्हणून सांगणाऱ्या आम्हा जुन्यांना यात थोडं वाईट वाटण्यासारखं आहे. मॅन्युअलमध्ये मिडफिल्डचं महत्त्व लिहिलेलं आहेच. भाच्याने ते पहिल्याच आठवड्यात वाचलंही होतं. वाचून कळलेली गोष्ट स्वतःच्या सात सामन्यांसमोर मांडेपर्यंत त्याची झाली नाही. यापुढे कोणी नवीन भेटला तर मी आधी त्याला त्याचेच सामने उघडायला सांगणार आहे.

सध्या

दुसरा हंगाम चालू आहे. एका बॉटच्या जागी माणूस आला आहे, त्यामुळे गुण मिळवणं अवघड झालं आहे. मिडफिल्ड आता गटात दुसऱ्या क्रमांकाचं आहे, पण पुढे गोल करायला कोणी नाही. सामन्यात संधी येतात आणि वाया जातात. स्ट्रायकर घ्यायचा तर पैसे हवेत, आणि पैसे हवेत तर त्या सहांपैकी एकाला विकायला हवं. ज्याचा पहिला पॉप झाला होता, त्याला सगळ्यात चांगला भाव येईल. तोच संघातला सगळ्यात चांगलाही आहे, आणि भाच्याचा त्याच्यावर विशेष जीव आहे.

मला यावर मत आहे. काल रात्री त्याचा मेसेज आला: "मामा, एकाला काढावं लागणार. ट्रेनिंगच्या आधी ठरवतो. तू सांगू नकोस."